बिनगळ्याचा केक

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चहाच्या कपबशा मिरवणारा नव्हे, ओव्हनमध्ये जाऊन स्वतः तापणारा. रंगाने मी काळा पडलो आहे, माझा एक कोपरा वाकडा आहे, आणि तरीही अख्ख्या स्वेनबोर्ग गावात माझ्याइतके वाढदिवस पाहिलेला दुसरा ट्रे नसेल. थोडी बढाई मारतो आहे, पण या वयात तेवढं चालतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली ठोकाठोकी सोडली तर मला काही आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते मेरेते आणि सिग्ने या दोन मैत्रिणींनी मला जुन्या बाजारातून उचललं तेव्हा. दोघी तेव्हा शिकत होत्या आणि एकाच खोलीत राहत होत्या. मला घरी नेल्यावर कळलं की मी त्यांच्या ओव्हनमध्ये मावतच नाही. सिग्ने म्हणाली, "मी म्हणत होते ना, मोजपट्टी घेऊन जाऊ या."  मेरेतेने हातोडी आणली, माझा कोपरा वाकवला आणि मला आत कोंबलं. दुखलं, पण त्याच दुपारी मी कामाला लागलो.

पुढे सिग्ने बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर नोकरीला लागली. मेरेतेने एस्बेनशी लग्न केलं, तिला विगा नावाची मुलगी झाली. दोन घरं झाली, तरी ट्रे एकच राहिला. ज्या घरी वाढदिवस, त्या घरी मी. सायकलच्या टोपलीत उभा राहून मी किती वेळा इकडून तिकडे गेलो असेन, त्याची गणती नाही.

आमच्याकडे मुलांच्या वाढदिवसाला माणसाच्या आकाराचा केक लागतो. विगासाठी अर्थातच केक-मुलगी. गोड कणीक माझ्यावर पसरायची, तिला डोकं, मान, हात, पाय द्यायचे, वर लोणी आणि तपकिरी साखर ओतायची. भाजून झाली की ज्येष्ठमधाच्या मिठाईच्या काळ्या दोऱ्यांचे केस, रंगीत गोळ्यांची बटणं आणि जागा मिळेल तिथे कागदी झेंडे. मग जिचा वाढदिवस, ती सुरी घेते आणि केक-मुलीचा गळा कापते. त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी जीव जात असल्यासारखं किंचाळायचं. जो किंचाळत नाही, त्याला तुकडा शेवटी मिळतो.

मेरेतेसारखं कुणी किंचाळत नसे. एका वर्षी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अनवाणी धावत खाली आले. तिने त्यांच्या हातात केक-मुलीचा एक पाय ठेवला आणि त्यांना बसवून घेतलं. सिग्ने मात्र उंदीर दिसल्यासारखी बारीक चीं करायची. "तुझ्या बोटीचा भोंगा तरी आणत जा गं," असं मेरेते तिला चिडवायची.

गेल्या फेब्रुवारीत मेरेते वारली. आजारपण वर्षभर चाललं होतं, तरी कुणाच्याही मनाची तयारी झालेली नव्हती. तिला पुरून आल्यावर लोकांनी माझ्यावरचे पाव कॉफीबरोबर खाल्ले आणि हळू आवाजात हवापाण्याच्या गोष्टी केल्या. त्या दिवशी सिग्नेने मला तीनदा घासलं. मग आपल्या तळघरात नेऊन रंगाच्या डब्यांमागे उभं केलं. मला राग आला होता, मित्रांनो. पण मला ठेवून झाल्यावरही ती हात न काढता तशीच उभी राहिली, आणि माझा राग गेला. अठरा वर्षांपासूनची मैत्रीण गेली होती तिची. मला तिची काळजी वाटू लागली.

दर बुधवारी सिग्ने विगाला बालवाडीतून घरी आणायची. तळघराची खिडकी रस्त्यावर उघडते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं.

"सिग्ने, मेलेल्या माणसाला थंडी वाजते का?"

"तुझी टोपी कुठे आहे? बालवाडीत विसरलीस वाटतं."

"डोक्यावर आहे."

"हो की. चल, वॅफल करू या."

त्या वसंतात दर बुधवारी वॅफल झाले. मे महिन्यात विगाने विचारणं सोडून दिलं. मोठ्यांना वाटलं, पोर सावरली.

सप्टेंबरात तिचा सहावा वाढदिवस आला. आठवडाभर आधी सिग्ने, एस्बेन आणि मेरेतेची आई बोडिल घडीच्या खुर्च्या काढायला तळघरात उतरले.

"केक-मुलगी नको," एस्बेन म्हणाला. "ती सुरी, तो गळा... या वर्षी नाही बघवणार."

"माझ्याही मनात तेच होतं," बोडिल म्हणाली. "तीन थरांचा गोल केक करते मी. वर भरपूर साय आणि रास्पबेरी."

"गोलच बरा," सिग्ने म्हणाली. "गोलाला गळा नसतो."

एका लहान मुलीला जपायला तीन मोठी माणसं एकत्र आली होती. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण तिघांपैकी एकानेही मेरेतेचं नाव घेतलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. जाता जाता सिग्नेने मलाही उचललं, कारण पाहुण्यांसाठी पाव भाजायचे होते. एवढ्यावरही मी खूश झालो.

वाढदिवसाच्या दिवशी एस्बेनच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बालवाडीतली पाच मुलं, शेजारीपाजारी, दारापासून टेबलापर्यंत झेंडेच झेंडे. गाणं झालं. बोडिलने केक आणून ठेवला. मी बाजूला, बारा ऊन पाव अंगावर घेऊन.

विगाने केकभोवती एक फेरी मारली. मग वाकून खालूनही पाहिलं.

"हिचा गळा कुठे आहे?"

"या केकला गळा नसतो, राणी," बोडिल म्हणाली. "रास्पबेरी बघ किती आहेत."

"मग मी कापू काय? आणि तुम्ही ओरडणार कशाला?"

 एका शेजाऱ्याने उगाच कॉफी ढवळली.

विगा माझ्याकडे आली. तिने एक पाव वर ठेवला, ते डोकं. खाली एक लहान पाव, ती मान. मग चार पावांचं पोट, दोन हात, दोन पाय. उरलेले दोन तिने मित्रांना वाटून टाकले. केकवरच्या दोन रास्पबेरी काढून डोळे केले. इतकी वर्षं माझ्यावर केक-मुली झाल्या, पण त्यांपैकी कुणालाही पाहून मला इतकं भरून आलं नव्हतं.

"सुरी द्या," ती म्हणाली.

"विगा, आज नको," एस्बेन म्हणाला.

"का?"

 मग सिग्ने तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली. 

"कारण मेरेते मेली, विगा. आम्हाला वाटलं, हे असं कापताना तुला आईची आठवण येईल."

"मला रोज येते," विगा म्हणाली. "तुम्हीच तिचं नाव घेत नाही. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

बोडिलने तोंडावर रुमाल धरला. एस्बेन भिंतीकडे वळला. सिग्नेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही.

"एक दिवस नाही विसरले," ती म्हणाली. "बोटीवर रोज दुपारी वाटतं, तिला फोन करावा. मग आठवतं."

"मला पण तसंच होतं. सकाळी." विगाने सुरीसाठी हात पुढे केला. "मग आता ओरडशील ना?"

सिग्नेने स्वतःच्या हाताने तिला सुरी दिली. विगाने मानेच्या पावावर ती ठेवली, सगळ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि दाबली.

सिग्ने किंचाळली. सुरुवातीला घसा फाटल्यासारखा आवाज आला, पण ती थांबली नाही. सात महिने कोंडलेलं सगळं बाहेर पडत होतं. मागोमाग एस्बेन, मग पाच मुलं, आणि बोडिलने तर असा सूर लावला की मी टेबलावर थरथरलो. विगा सगळ्यांच्या मधे उभी राहून पोट धरून हसत होती.

आवाज थांबल्यावर तिने निकाल दिला. "आई याहून मोठ्याने ओरडायची."

"कितीतरी मोठ्याने," सिग्ने म्हणाली.

पाहुणे गेल्यावर सिग्ने मला धुवायला घेणार, तेवढ्यात विगा तिच्या मांडीवर येऊन बसली. "आईचं काहीतरी सांग. मला माहीत नसलेलं."

"तिला पोहता येत नव्हतं, हे माहीत आहे? मला म्हणायची, येतं. मी बोटीवर काम करणारी, आणि मला सहा वर्षं फसवलं तिने."

विगाला ते फार आवडलं. एस्बेन खुर्ची ओढून जवळ बसला आणि म्हणाला, "मलाही येतं म्हणूनच सांगितलं होतं." मी तसाच खरकटा पडून राहिलो, पण माझी काही तक्रार नव्हती.

मित्रांनो, घरातले जुने ट्रे फेकू नका, हे मी माझ्या स्वार्थासाठी सांगतो आहे. दुसरं सांगतो ते विगासाठी. तुमच्या वर्गात, तुमच्या शेजारी असं एखादं मूल असेल, तर गेलेल्या माणसाचं नाव त्याच्यासमोर घ्या. ते रडेल म्हणून घाबरू नका. त्याचं एकट्याने रडून झालेलंच असतं. तुम्ही शेजारी बसलात, की त्याला हसताही येतं.