पाठीतली वायर

मी सुताराच्या घरातला टीव्ही बोलतोय. या घरात दिवसभर तोंड माझंच चालतं, पण बोलतो ते सगळं दुसऱ्याचं. आज माझं सांगतो. गोड लागलं तर लागलं.

मला आणलं म्हातारीनं, सुताराच्या बायकोनं. सुतार आधी नको नको म्हणाला, आणि मग मला ठेवायला लाकडी घडवंची त्यानंच केली. हलत नाही अजून. माणूस तापट, पण हात पक्का.

म्हातारी गेली आणि घरात बोलायला मीच उरलो. सुतार सकाळपासून माझ्यापुढं. ताट वाळून जायचं. एकदा रिकाम्या पोटी साखर उतरवायची गोळी घेतली आणि चक्कर येऊन माझ्यासमोरच आडवा झाला. मी आपला गाणी वाजवतोय. काय करणार, मला हात आहेत का?

पोरगा लांबच्या शहरात नोकरीला. धावत आला. कोपऱ्यात कॉम्प्युटर ठेवला, त्याची वायर माझ्या पाठीत खुपसली. म्हणाला, आता तिकडं बसून टीव्ही बंद करता येतो. जेवणाच्या वेळी करीन, जेवण झालं की परत लावीन. आणि गेला.

पहिल्या दिवशी मी बंद पडलो तसा सुतार भडकला.

"बापाला वळण लावतोस होय रे, गाढवा?"

शिव्या देत देत जेवला मात्र.

मग त्याला गोडी लागली. आधीच ताट वाढून बसायचा. मी विझलो की म्हणायचा, "जेवतो रे बाबा." हळूहळू, पलीकडं पोरगाच बसलाय असं धरून, काळ्या काचेला सगळंच सांगायला लागला. भाजी खारट झाली, गुडघा धरलाय, रंधा आता उचलत नाही. काचेत त्याचंच तोंड दिसायचं, तरी बोलायचा.

मला कळत होतं. माणसाचा हात कधी विसरतो, कधी उशीर करतो. वायरीतून येणारा हा हुकूम एकदाही चुकला नाही. पण मी सांगू कसं?

परवा पोराचा फोन आला. तापानं आठवडाभर झोपून होता, कॉम्प्युटरला हात लावला नाही म्हणाला.

"मग टीव्ही कोण बंद करत होतं?"

"अहो अण्णा, ते आपोआप होतं. पहिल्याच दिवशी वेळ लावून दिली होती मी."

सुतारानं त्याला नीट औषध घे म्हणून सांगितलं. फोन ठेवला, उठला, आणि माझ्या पाठीतली वायर उपटली.

आज परत फोन. पोरगा म्हणतो, इकडून टीव्ही सापडत नाही, वायर निघाली का बघा.

"निघाली नाही. मी काढली. बंद करायचा असेल तर ये आणि बटण दाब."

पोरगा म्हणाला, "बघतो अण्णा."

ताट झाकून ठेवलंय. सुतार दाराकडं तोंड करून बसलाय आणि मी त्याच्या पाठीला बातम्या सांगतोय.

पोरा, बटण माझ्या उजव्या कडेला, खाली आहे. एका बोटाचं काम. ये लवकर, जेवण निवतंय.