माठाचं पाणी

“फ्रिजचं पाणी पिऊ पिऊ घसा बसवून घ्याचा, अन् मंग दिवसभर कुजबुज. घरात का चोर शिरले?”

पंजाबराव हे हातातल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीला सांगत होते. सुनेला थेट बोलायचं नाही हा त्यांचा नेम. म्हणून जे बोलायचं ते जुडीला, गाईला, नाहीतर छताच्या पंख्याला. निकिता समोरच बसली होती. तिनं निवडलेल्या काड्या सासऱ्यापुढं सरकवल्या आणि गळ्याभोवतीचा सुती स्कार्फ जरा वर ओढला. वैशाख सरून अधिक महिना लागला होता, ओसरीच्या पत्र्याखाली बसवत नव्हतं, आणि ही पोरगी घरातही स्कार्फ सोडायला तयार नव्हती. झळ लागते, म्हणे.

“फ्रिजले हात नाही लावला तिनं,” सीताबाई आतून म्हणाल्या. “माठाचंच पिते. मी पाह्यते ना.”

माठ सीताबाईंनीच आणला होता, मंगरुळच्या बाजारातून, लेकरू आणावं तसा कडेवर घेऊन. सुनेचा आवाज पहिल्यांदा बसला तेव्हा दोष फ्रिजवर गेला. दुसऱ्यांदा कैरीवर. या खेपेला दोष घ्यायला घरात दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून पुन्हा फ्रिज.

दिनेश जुड्यांचं ओलं पोतं गाडीत टाकून हात झटकत आला. हसरा पोरगा. भाजीबाजारात त्याच्या हसण्यावर माल खपतो, असं लोक म्हणत.

“बरं हाय ना बाबा. लोकाईच्या बायका दिवसभर कटकट करतात. आपल्या घरी शांती.”

पंजाबराव हसले. निकिताही हसली, आवाजाशिवाय.

“पण रविवारपर्यंत घसा मोकळा कर बरं,” दिनेश तिच्याकडं वाकून म्हणाला. “तुहे बाबा धोंड्याचं आवतन घेऊन येऊन राह्यले. म्हणतीन, जावई पोरीले बोलूच देत नाही.” त्यानं एका बोटानं तिच्या स्कार्फची गाठ सारखी केली. निकिताच्या हातातली काडी मोडली.

गाडी आसेगावच्या फाट्याकडं वळली. पंपाला दिवसाची लाइन होती, म्हणून पंजाबराव वांग्यांना पाणी द्यायला गेले. सीताबाईंनी पीठ मळून झाकून ठेवलं, आणि मधल्या खोलीतून मारामारीचे आवाज आले म्हणून पदराला हात पुसत आत डोकावल्या.

दिनेशनं अकोल्याहून कुणाची तरी जुनी गेमची पेटी आणली होती. टीव्हीत दोन उघडे गडी जाळीच्या पिंजऱ्यात उतरत आणि एकमेकांना बुकलत, लाथाडत, खाली पाडून उरावर बसत. दिनेश रोज जेवण झालं की खेळायचा. दुसऱ्या कुणी पेटीला हात लावायचा नाही, हे त्यानं हसत हसतच सांगून ठेवलं होतं.

सासूला पाहताच निकितानं हातातला रिमोट उशीखाली सारला. दुधाशी सापडलेली मांजर जशी.

“खेळ व, खेळ. मले बी दाखव,” सीताबाई गादीवर टेकल्या. पाय पोळले होते, हे एक. दुसरं असं, की दिवसभर मुकी असणारी ही पोर टीव्हीपुढं जागी दिसली होती.

निकितानं थोडा वेळ त्यांच्याकडं पाहिलं, मग दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला.

“ह्या डाव्या गुंडीनं चालाचं, आई. चौकोन अन् त्रिकोण म्हंजे हात. फुली अन् गोल म्हंजे पाय. उजव्या गुंडीनं, खाली पडलं का अंग फिरवाचं.”

“अन् ह्या मांगच्या?”

“त्या बचावाच्या. त्या पह्यले शिका.”

पडद्यावरचा सीताबाईंचा गडी उगवतीकडं निघाला तो थेट जाळीला जाऊन भिडला आणि जाळीलाच बुक्क्या मारत सुटला.

“हा तं कुंपणाले मारून राह्यला व बाई! कोण्या येड्याले देलं मले?”

निकिता हसली. कुकरची शिटी बसताना येतो तसा फुसफुस आवाज आला, आणि तिनं घशाला हात लावला. सीताबाईंनी मग तो गडी नीट पाहिला. काळी दाढी बारीक कोरलेली, डाव्या भुवईत छेद. दिनेशनं स्वतःसारखाच बनवून ठेवला होता. नावही त्याचंच.

“ते हिरवी पट्टी दिसते ना, तो दम,” निकिता सांगत होती. या घरात आल्यापासून ती एकाच दमात एवढं बोलली नव्हती. “उगाच हातपाय झाडले का दम सरते. मंग काहीच करता येत नाही. गळ्यात हात पडला का पह्यले हनुवटी छातीले लावाची. मंग त्याचं मनगट धराचं. ओढाचं नाही, नुसतं लटकाचं. अन् त्याच्याकडंच वळाचं. दूर वळलं का आवळते.”

“एवढं सारं हाय का यात?”

“थोडं यात हाय,” निकिता म्हणाली आणि पडद्याकडं पाहू लागली.

सीताबाईंनी रिमोट खाली ठेवला तेव्हा ती पेटीशीच खेळली. तिचा गडी मारतच नव्हता. दाढीवाल्याला अंगावर येऊ द्यायचा, पेचात सापडायचा, सुटायचा, पुन्हा सापडायचा. सीताबाई पुढं सरकल्या.

“मार ना त्याले एखादी! सापडला होता ना आता!”

“मले जिंकाचं नाही, आई. एका पेचानंतर तो दुसरा कोणता घालते, तेवढं मालूम पाह्यजे.”

“कोण तो?”

निकितानं रिमोटनं पडद्याकडं दाखवलं. “हाच.”

पंखा गरगरत होता. सीताबाईंनी आपला रिमोट पुन्हा उचलला, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दाढीवाला पुन्हा त्यांच्या ताब्यात आला. सुचेल ते बटण दाबता दाबता त्याची तंगडी निकिताच्या गड्याच्या कमरेत अडकली, दोघं खाली आले, आणि पाहता पाहता दाढीवाल्याचा हात मागून गळ्यात पडला. पट्टी भराभर उतरू लागली.

“आवं, हे का झालं? सोडाचं कोणतं बटण? निकिता, सोडाचं कोणतं?”

निकिताच्या हातून रिमोट सुटला होता. हनुवटी छातीला टेकली होती, आणि तिचा उजवा पंजा गादीवर पडत होता. थप, थप. थांबून पुन्हा, थप, थप.

पडद्यावर काळ्या सदऱ्यातला पंच धावत आला आणि त्यानं दोघांना वेगळं केलं. निकिता आपल्या पंजाकडं पाहत राहिली.

“हरलो, हे सांगाले असं थापटतात,” ती हळूच म्हणाली. “थापटलं का सोडा लागते. नियम हाय.”

तो थप-थप आवाज सीताबाईंच्या ओळखीचा होता. दोन खोल्यांमध्ये एकाच विटेची भिंत. भिंतीपलीकडून तो कधीमधी यायचा, आणि त्या कूस बदलत म्हणायच्या, पोरं मच्छर मारून राह्यले. मच्छरअगरबत्ती आणून दोघांच्या दाराशी लावली होती त्यांनी. नेमानं लावत होत्या.

“मच्छर लय झाले यंदा,” त्यांच्या तोंडून निघालं.

“हो,” निकिता म्हणाली आणि पेटीचं बटण बंद करून उठली.

दिनेश दुपारी आला तो मधल्या खोलीतून लगेच बाहेर आला. त्याच्या हातात दोन्ही रिमोट होते.

“पेटी गरम हाय. कोणं लावली?”

स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला.

“मी,” सीताबाई म्हणाल्या.

त्यानं आईकडं टक लावून पाहिलं, मग मोठ्यानं हसला. “माय खेळून राह्यली! का शिकली मंग? गळा धराले आला?”

“बटनानं येते. हातानं कसं धरतात, कोणाले मालूम?”

“ये, दाखवतो.”

तो त्यांच्यामागं टेकला. डिझेलचा आणि कांद्याचा वास आला. ज्या हाताला त्यांनी तेल लावून लावून वाढवलं होतं तो हात मागून अलगद गळ्याभोवती आला. दंडाचा कडक भाग एका बाजूला, मनगटाचं हाड दुसऱ्या. आवळला नव्हता. नुसता होता.

“आता थापट, म्हंजे सुटली.”

सीताबाईंनी त्याच्या हातावर थापटलं. थप, थप. हात हलला नाही. कानाशी तो हसत होता. त्याचा श्वास त्यांना लागत होता. दारात पंजाबराव येऊन उभे राहिलेले दिसले. सीताबाईंनी पुन्हा थापटलं. पंख्याचं एक पातं खडखडत फिरत राहिलं. मग हात निघाला.

“पह्यल्यांदा थापटलं ते आयकू आलं नाही का रे?”

“आलं ना.”

“मंग?”

“मजाक होय, माय. तू बी ना!” शीळ घालत तो हात धुवायला गेला.

पंजाबरावांनी पंख्याकडं पाहिलं. “जेवाले वाढा म्हणा,” ते पंख्याला म्हणाले.

सीताबाई माठापाशी गेल्या आणि पेलाभर पाणी घेतलं. ते चांगलं गार होतं.

रविवारी निकिताचे वडील धनजहून आले. भागवतरावांनी नारळ आणला होता, जावयासाठी टोपी-दुपट्टा, आणि विहीणबाईंसाठी घरच्या हळदीची पुडी. दिनेश त्यांच्या पाया पडला, पंखा त्यांच्याकडं वळवला, स्वतः शरबत आणून दिलं. भागवतराव सुखावले.

“अधिकाचा महिना. जोडीनं या, जावईबापू. अनारशाचं वाण तुमच्या हाती देलं का मी मोकळा.”

“येतो ना. आमी जोडीनंच येतो,” दिनेश म्हणाला.

निकिता पोह्यांची ताटली घेऊन आली. “बाबा, घ्या,” ती म्हणाली. शब्द ओठांवर दिसले, ऐकू आले नाहीत.

“काय व बाई, आवाज काहून बसला तुहा?”

पंजाबराव पंख्याला म्हणाले, “फ्रिजचं पाणी.”

“किती सांगतलं,” दिनेश म्हणाला. “आयकतच नाही.”

भागवतरावांनी लेकीच्या स्कार्फकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग नजर पोह्यांवर आणली. “लहानपणापासूनच अशी. बर्फाचा गोळा दिसला का घसा गेलाच समजा.” आणि लाडानं तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढं केला.

निकिताची हनुवटी झटकन छातीला लागली. दोन्ही हात वर येऊन थांबले, मनगट धरायच्या बेतात. ताटली खाली पडली. पोहे सगळ्यांच्या पायांशी सांडले.

भागवतरावांचा हात तसाच हवेत राहिला.

“घामानं निसटली,” दिनेश हसत म्हणाला. “जाय, झाडू आण.”

“बस तू,” सीताबाई निकिताला म्हणाल्या. त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, सांडलेल्या पोह्यांतच, आणि तिचा उजवा पंजा त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. तो गार होता. त्यांनी लेकाकडं पाहिलं नाही, नवऱ्याकडंही नाही.

“भागवतभाऊ, फ्रिज नाही. हे पोरगी माठाचं पाणी पिते, मी आणलेल्या माठाचं. माह्या पोरानं गळा दाबला तिचा. ती थापटते. त्याले आयकू येते. आमा साऱ्याईलेच आयकू येते.”