टाकीतला रंग

घरामागच्या गुडघाभर पाण्यात वाकून तिने समुद्रगवताची एक पात अंगठ्याने पुसली. तपकिरी, बुळबुळीत थर निघून आला. खालची पात उन्हावाचून पिवळी पडली होती. सांडपाण्यावर शेवाळ पोसतं आणि गवताला झाकून टाकतं, हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची.

"दिसतंय का काही?" दादाने होडीतून विचारलं.

"थांब जरा."

मागे तिने किनाऱ्यावरच्या घराघरांत संडासाच्या टाकीत हिरवा रंग ओतून तो समुद्रात निघतो का, ते तपासलं होतं. शेजारच्या लॉजचा निघाला. तिच्या अहवालावरून पंचायतीने लॉजला टाळं लावलं. स्वतःच्या घरी मात्र तिने रंग ओतलाच नव्हता. "आपली टाकी बाबांनी जातीने उभं राहून बांधून घेतलीय," दादा म्हणाला होता, आणि ती हसून पुढच्या घराकडे वळली होती.

लॉज बंद झालं, तरी गवत मरतच राहिलं. म्हणून काल संध्याकाळी तिने घरच्या टाकीत रंग ओतला. आज ओहोटी लागल्यावर वहिनी संडासात पाण्याच्या बादल्या ओतणार होती, म्हणजे टाकी गळत असेल तर रंग बाहेर पडेल.

"काय ताई, आता कोणाचा नंबर?" धक्क्यावरून लॉजवाल्याने हाक मारली. हल्ली तो तिथे उन्हाच्या टोप्या विकायचा. "मला तर गाशा गुंडाळायला लावलात. आता माशांना नोटीस काढणार की काय?"

दादा हसला. ती हसली नाही.

तिच्या पायाजवळ वाळूतून एक हिरवी रेघ वर येत होती. आधी ती तिला पातीची सावली वाटली. मग रेघ रुंदावली, भडक झाली. स्वतःलाच कळायच्या आत ती सरकून रेघ झाकायला त्या जागेवरच उभी राहिली. पाणी ढवळलं आणि रंग आणखीच पसरला.

दादाचं हसू मावळलं.

"होडी आडवी घेतो," तो हळूच म्हणाला. "धक्क्यावरून दिसायचं नाही."

तिने होडीची कड घट्ट धरली. लॉजवाला डोळ्यांवर हात धरून इकडेच बघत होता.

तेवढ्यात घराच्या मागच्या खिडकीतून वहिनीचा खणखणीत आवाज आला.

"अगं, आला का रंग? अजून ओतू?"

टोप्या चाळणारी माणसंही वळून पाहू लागली. दादाने मान खाली घातली.

तिने होडीची कड सोडली आणि ती बाजूला झाली. धक्क्यावरून रंग दिसेल इतकी.

"आला!" ती ओरडली. आवाज चिरकला. "ओत वहिनी, अजून ओत."