बोगद्याला वळसा

फुगा जमिनीवरून सुटतो तेव्हा काही म्हणजे काही आवाज होत नाही. हे त्याला ठाऊक होतं, पण वरून. आज जन्मात पहिल्यांदा तो खाली गवतात उभा राहून बघत होता. एवढं थोरलं लाल-पांढरं कापड, खाली वेताची टोपली, टोपलीत एकुलती एक मुलगी, आणि सगळं मिळून झोपेत कुणी कूस बदलावी तसं अलगद उचललं गेलं. बर्नरने एकदा भक्क केलं. मग पुन्हा शांत. धुक्यात आधी तिचे बूट गेले, मग टोपली गेली.

"टिटवी!" तो ओरडला. तान्ही असताना सगळी आळी जागी ठेवायची, तेव्हापासून तिचं हे नाव पडलं होतं. "उतरताना दोर माझ्याच हातात टाकायचा हं! मी खाली आहे!"

"टाकते, बाबा!" धुक्यातून उत्तर आलं. कुठून आलं ते कळलं नाही.

एकटीने उडण्याची तिची ही पहिली वेळ. उडायचं अवघड नसतं, अवघड असतं ते उतरायचं. सकाळचा वारा फुग्याला डोंगरापलीकडे नदीकाठच्या माळावर नेतो, आणि ऊन चढलं की तोच वारा द्वाड होतो. त्याच्यासारखा मुरलेला गडी बहुतेक वेळा एकट्याने निभावतो, पण नवख्याची टोपली टेकल्याबरोबर खाली दोर धरणारं माणूस नसलं, तर तो कापडाला धरून टोपली फरफटवत नेतो, आणि पुढे नदी आहे. गेल्या वर्षी अशाच एका फरफटीत त्याचा गुडघा कामातून गेला. गुडघा वाकत नाही त्याला टोपलीत कोण घेणार? झालं, आकाश संपलं. आता लेक वर, आणि स्वारी खाली बायकोच्या पिकअपमध्ये.

बायको मात्र काही केल्या गाडी काढेना.

"अगं, ती गेली! चल की!"

"जाऊ दे. मी आले," ती म्हणाली, आणि गाडीच्या मागे गेली.

मागे भरलेल्या गॅसच्या टाक्या उभ्या होत्या. पहिली फेरी उतरली की त्याच माळावरून पाहुण्यांना घेऊन दुसरी फेरी निघायची, तिच्यासाठी. तिने एकेक टाकी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, पट्टे ओढून पाहिले, झडपांवरच्या टोप्या फिरवून पाहिल्या. मग चक्क खाली वाकून गाडीच्या तळाची भोकं बोटाने मोकळी केली. त्यातून गवताची एक काडी निघाली, ती तिने फेकून दिली. पुढचा-मागचा धोक्याचा फलक पदराने पुसला. आग विझवायचं लाल नळकांडं सीटखालून हाताला येतं का, तेही बघून झालं.

"तुझं हे असं आहे म्हणून तू रोज उशिरा पोचतेस," तो म्हणाला.

हा त्याचा जुना विनोद. चार माणसं जमली की तो सांगायचा, "मी उतरतो, फुग्याची घडी घालतो, एक छानशी डुलकी काढतो, आणि मग आमच्या बाईसाहेब गाडी घेऊन येतात! रस्ता सरळ, गाडीला चार चाकं, तरी वारा हिच्या आधी पोचतो!" लोक पोट धरधरून हसायचे. तीही हसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षीच वाटणी झाली होती, आकाशाचं त्याने बघायचं आणि रस्त्याचं तिने. तेव्हापासून त्याने रस्त्यात नाक खुपसलं नव्हतं.

गाडी निघाली. धुकं काचेवर येऊन टेकत होतं आणि बाजूला होत होतं. झाडं अर्धी दिसायची, अर्धी नाही. कुठे एखादं दार उघडं असायचं, आत पिवळा दिवा, कुणी तरी दात घासत उभं, आणि तेवढ्यात तेही मागे जायचं. वरून त्याने हे गाव शेकडो वेळा पाहिलं होतं, नुसती छपरं. छपरांखाली दारं असतात, दारांत माणसं असतात, हे काही नवीन नाही, पण त्याला ते नवीन वाटलं. तो खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत राहिला. मधेच धुक्याच्या आतून भक्क असा आवाज येई आणि वर एक जागा क्षणभर केशरी होई. पोरगी तिथे होती. एवढ्यावर त्याने समाधान मानलं.

मग डोंगर आला. डोंगराच्या पायाशी बोगद्याचं तोंड उजेडाने भरलेलं होतं, गाड्या सुर्रकन आत जात होत्या. त्याला हायसं वाटलं. आत शिरायचं, पलीकडे निघायचं, की आलाच माळ.

तिने गाडी डावीकडे घातली. जुन्या घाटाच्या रस्त्याला.

"अगं ए! कुठे चाललीस?"

"खिंडीतून."

"बोगदा सोडून? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

तिने गाडी कडेला घेतली आणि बोगद्याच्या कपाळावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ज्वाळेचं चित्र, त्यावर लाल आडवी रेघ. "टाक्या घेऊन आत जाता येत नाही."

"मग गाडीवरचा तो धोक्याचा फलक काढून ठेव ना दोन मिनिटं. कोण बघतंय?"

"फलक काढला की गॅस पण उतरून जातो का गाडीतून?" ती शांतपणे म्हणाली. "अहो, हा गॅस हवेपेक्षा जड. बाहेर गळला तर तळाच्या भोकांतून खाली जातो, वारा घेऊन जातो त्याला. बोगद्यात वारा कुठला? तिथे तो जमिनीला धरून बसून राहतो. आणि मागे एखादी मुलांची बस असली म्हणजे?"

"आज गळणार आहे का?"

"आज गळणार नाही हे मला आदल्या दिवशी कोणी सांगत नाही."

त्याचं डोकं तापलं. मुलगी वर एकटी, ऊन चढतंय, आणि ही इथे शहाणपण शिकवतेय! "मग टाक्या इथेच उतरव. नंतर येऊन घेऊन जाऊ."

"चालेल," ती म्हणाली. "पण अशा उघड्यावर सोडता येत नाहीत. तुम्ही बसा राखणीला, मी जाते दोर धरायला."

त्याला तोंडात मारल्यासारखं झालं. गाडी घाटाला लागली.

घाट कसला, नुसती वळणं. आणि ती प्रत्येक वळण असं घेत होती की मागच्या टाक्यांना पत्ता लागू नये. तो मागे वळून टाक्यांकडे बघत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "म्हणजे रोज तू इथून यायचीस?"

"वारा पलीकडचा असला की इथूनच."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते की. पहिल्याच वर्षी. तुम्ही वाऱ्याकडे बघत होतात."

"आणि मी चारचौघांत तुझी थट्टा करायचो तेव्हा?"

ती जरा हसली. "तुम्ही धडधाकट उतरून थट्टा करताय हे बघितलं की माझा जीव भांड्यात पडायचा. पुढचं काही ऐकूच यायचं नाही मला."

त्याने बाहेर पाहिलं. धुकं आता रस्त्याच्या खाली गेलं होतं. वर स्वच्छ निळं, खाली सगळं पांढरं, आणि मधून ही एवढीशी गाडी हळूहळू चढत होती. आपण जागे आहोत की नाही, असं त्याला एकदा वाटून गेलं. दुखऱ्या गुडघ्यावर त्याने हात ठेवला, तो दुखत होता.

खिंडीत पोचल्यावर तिने गाडी थांबवली.

"आता काय?" तो किंचाळलाच. "आता कशाला थांबतेस?"

"वळणांनंतर पट्टे बघावे लागतात. सैल होतात." तिने पट्टे पाहिले, एक आवळला. मग गाडीपासून लांब, कठड्याशी, एका ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिली. तिथलं गवत पायांनी झिजून माती उघडी पडली होती.

तेवढ्यात समोरच्या पांढऱ्यातून फुगा वर आला. आधी लाल शेंडा, मग पट्टे, मग टोपली. इतका जवळ, आणि नेमका खिंडीच्या उंचीला. आयुष्यभर फुग्यात घालवलेल्या माणसाने फुगा असा समोरासमोर कधी पाहिला नव्हता. टोपलीत टिटवी उभी होती आणि ती बर्नरकडे बघत नव्हती, पुढे बघत नव्हती. ती खिंडीकडे बघत होती, शोधत होती.

बायकोने डोक्याचा पिवळा रुमाल सोडला आणि हात उंच करून हलवला. टिटवीने लगेच दोन्ही हात हलवले.

गाडीतल्या वॉकीटॉकीतून तिचा आवाज आला, "आई, दिसलीस! बाबा आहेत ना? ऐका, सावकाश उतरा घाट. तुमच्या वळशाइतका गॅस मी राखून ठेवलाय. तुमची गाडी माळावर दिसेपर्यंत मी वरच तरंगत राहते. उतरायची घाई नाही."

तो वॉकीटॉकी हातात धरून बसला. बटण दाबायचं असतं हेही विसरला.

"तिला माहीत होतं," बायको गाडीपाशी परत आली तशी तो म्हणाला.

"लहानपणी तुमच्याबरोबर यायची ना टोपलीत. तुमच्या पायाशी उभी राहून फटीतून खाली बघायची. आई खिंडीत असते, हे तिला पाठ आहे."

"आणि तू... मी वर असायचो तेव्हापण हात करायचीस?"

"करायचे की."

"दर वेळी?"

"धुकं असलं तरी. म्हटलं, असू दे."

"मी एकदाही बघितलं नाही गं."

"कसं बघाल? तुमचं लक्ष आगीकडे," ती रुमाल बांधत म्हणाली. "ते तसंच पाहिजे. चला, पोरगी वाट बघतेय."

तिने त्याला दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. भांडायला तरी जागा मिळाली असती. तिने त्याची बाजू घेतली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं सगळं नीट झालं. गाडी माळावर आली तशी टिटवी खाली आली, पक्षी फांदीवर बसावा तशी. दोर तिने टाकला तो बरोब्बर त्याच्या हातात. त्याचा गुडघा डगमगला, पण मागे बायको होती, तिने दोराचं शेपूट धरलं होतं. वारा उठला, कापड ओढू लागला, दोघांनी रेटून धरलं. टोपली हलली नाही. टिटवी उडी मारून बाहेर आली आणि दोघांच्या गळ्यात पडली. "बाबा, रडताय काय? उतरले ना मी!" मग वारा पडला, पाहुणे आले, दुसरी फेरी झाली, ऊन वर आलं, घडी झाली.

परतताना टिटवी मधे बसली होती, झोपेला आलेली. बोगद्याची पलीकडची बाजू दिसली तशी म्हणाली, "आई, आता टाक्या रिकाम्याच आहेत. जाऊ या ना यातून?"

आई काही बोलायच्या आत बापच म्हणाला, "रिकाम्या टाकीतही गॅस उरतो. खिंडीतून चल."

बायकोने त्याच्याकडे एकदा नवलाने पाहिलं आणि गाडी वळवली.

खिंडीत तिने पट्टे बघायला गाडी थांबवली तेव्हा तोही उतरला. "तू जाऊन उभी राहा बघू तुझ्या जागेवर," तो म्हणाला.

"आता कशाला? फुगा तर मागे घडी होऊन पडलाय."

"राहा म्हणतो ना."

ती कठड्याशी जाऊन उभी राहिली, जराशी लाजली. तो लंगडत लंगडत खिंडीच्या कडेच्या पायवाटेने चढत गेला, पार वरच्या टोकापर्यंत, जिथून ती खाली लहानशी दिसत होती. तिथे वळला. डोक्यावर सगळं मोकळं आभाळ होतं. त्याने दोन्ही हात वर केले आणि खाली तिच्याकडे बघून हलवले, हलवतच राहिला. खांदे भरून आले तरी थांबला नाही.

खाली तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना. मग पिवळा रुमाल सोडला आणि वर केला.

"अहो, पुरे आता!" ती ओरडली. आवाज चढता होता आणि ओलाही. "या खाली, उशीर होतोय!"

"होऊ दे की उशीर!" तो वरून ओरडला.