राणीच्या हनुवटीवरची दाढी

मी दाढी बोलतेय. हसू नका! बकरीच्या केसांची, घट्ट वेणी घातलेली, कानामागून पट्ट्यानं बांधायची राजदाढी. आमच्या नदीकाठच्या देशात मी हनुवटीला लागले, की माणूस राजा होतो.

राजवाड्यातल्या न्हाव्यानं मला वळलं, तेव्हापासून मी थोरल्या राजांकडे. रोज सकाळी न्हावी त्यांची हनुवटी गुळगुळीत करी आणि मग मला बांधी. खरी काढायची अन् खोटी लावायची, माणसांची तऱ्हाच न्यारी! त्यांची लेक सेनेब्ती मांडीवर चढून मला ओढायची, "बाबा, तुमची शेळी पळाली!" म्हणून खिदळायची. काय गोड दिवस होते ते!

सेनेब्ती मोठी झाली आणि मग राजे गेले. त्यांचा मुलगा सेबी अजून अंगावर पीत होता आणि राजांचा भाऊ इनहेर सिंहासनावर डोळा ठेवून बसला होता. इनहेर राजा झाला असता, तर त्या बाळाची धडगत नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अभिषेकाच्या सकाळी म्हाताऱ्या पुजाऱ्यानं मला तबकातून आणलं. इनहेर हनुवटी पुढे काढून तयारच होता. तेवढ्यात सेनेब्ती आली आणि तिनं मला उचललं.

"अगं पोरी, वेड लागलं का तुला?" इनहेर खेकसला. "बाईला दाढी शोभते होय?"

"काका, बाबांना तरी कुठे होती? रोज सकाळी न्हावी काढतच होता ना? ही राजाची दाढी आहे, पुरुषाची नाही. बांधा, पुजारीबाबा."

"आणि सेबीचं काय?" पुजाऱ्यानं हळूच विचारलं.

"तो मोठा होईपर्यंत माझ्या शेजारी बसेल. माझ्या शेजारी, काका. ऐकलंत ना?"

पुजारी थकलेला होता, पण भित्रा नव्हता. त्यानं मला तिच्या हनुवटीला बांधलं. ती ताठ उभी होती, पण गालावरून ओघळलेलं पाणी माझ्यात मुरलं, ते फक्त मला कळलं. बाहेर लोकांनी लोटांगण घातलं. इनहेरलाही घालावं लागलं.

मग शेतं भिजवणारे पूर वेळेवर येत राहिले, कोठारं भरली, देवळांत तिचे दाढीवाले पुतळे उभे राहिले. दमली की ती दार लावून मला सोडायची, काचलेले गाल चोळायची आणि सेबीला मांडीवर घेऊन भाकरी भरवायची. त्या संध्याकाळी आठवल्या, की अजून जीव तुटतो.

ती गेली. आता मी सेबीच्या हनुवटीवर आहे. परवा त्यानं हुकूम सोडला, "ताईच्या पुतळ्यांच्या दाढ्या फोडा. बाईनं राज्य राखून दिलं, असं उद्या लोक म्हणायला नकोत." तो बोलत होता आणि त्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर मी हलत होते.

दाढ्या फुटल्या. पण पाथरवटांनी घाईत गालांवरचे कोरलेले पट्टे तसेच सोडले. कधी असा बिनदाढीचा पुतळा दिसला, तर त्याच्या गालावरून बोट फिरवा. पट्ट्याची रेघ हाताला लागली, तर ती माझी सेनेब्ती. तिला नुसती सुंदर म्हणून पुढे जाऊ नका. तिला राजा म्हणा.