तारांच्या पल्याड

रेडिओ लावला की नुसती खरखर! वडाळ्याची नवी इमारत अगदी चकाचक, पण कालिंदीच्या खिडकीसमोरूनच हाय टेन्शनच्या तारा गेलेल्या. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. "आजी, सेट ठणठणीत आहे. ही त्या तारांची खरखर. लांब गेलात की थांबेल." आता घर का काखोटीला मारून न्यायचं?

डिलाईल रोडची चाळ असती तर शेजारचा रेडिओ भिंतीतून ऐकला असता. इथे तिने समोरचं दार ठोठावलं. "रेडिओ? आमच्याकडे नाहीये," म्हणून शेजारीण पूर्वीने दार लावून घेतलं. कालिंदीच्या बटणांच्या फोनवर असलं काही लागत नाही, आणि मुलगा अवधूत पुण्याला.

ऐकायचं होतं ते काही साधंसुधं नव्हतं. चाळीतली जुनी शेजारीण रखमा गावाहून फोनवर ओरडली होती, "गो कालिंदी, रविवारी सकाळी आपल्या गिरणीचा भजन लागतला रेडिओर! तुझ्या घोवाचो आवाज आयकूक गावतलो!"

गिरणीच्या भजनात गाणारा नवरा कुशाबा जाऊन जमाना झाला. फोटो ढीगभर, आवाज मात्र कुठेच उरला नव्हता. तो एकदा कानावर पडला की झालं, मग डोळे मिटले तरी बेहत्तर, असं तिला मनापासून वाटत होतं.

रविवारी ती चालू रेडिओ छातीशी धरून निघाली. लोक वळून बघत होते. बघू देत मेले! तारा मागे पडल्या तशी खरखर विरत गेली. लक्ष्मी फुलवालीच्या टपरीपाशी टाळ-पखवाज खणखणीत वाजायला लागले. लक्ष्मीने बसायला स्टूल दिलं, कार्यक्रम कसला ते विचारून घेतलं.

बुवांनी अभंग उचलला, मागून कोरस आला. एकही खर्र नाही. कालिंदीने कान रेडिओला लावला. दहा-बारा गळे, पण ह्यांचा कुठला? "पाणी दे गो" म्हणणारा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. गाणारा? भजनाच्या वेळी ती नेहमी चुलीपाशी असायची. देवा रे, नवऱ्याचा आवाज मला ओळखता येईना!

"ह्यात तुमचे मालक कुठले हो?" लक्ष्मीने विचारलं.

तेवढ्यात कोणीतरी सूर वर नेला.

"हे... हेच," कालिंदी म्हणाली, आणि जो कोण होता त्याच्यासाठी तिने पदर डोळ्यांना लावला.