कोपर

माझ्या नवऱ्याचं घोरणं पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारची कामिनी म्हणते, "गिरधरभाऊ झोपले की आम्हाला कुत्रा पाळायची गरज नाही." लोक हसतात, हेही हसतात. निवांत झोपणारा सुखी माणूस, असं सगळ्यांचं मत.

घोरण्याचं मला काही नाही. ते थांबतं, त्याची धास्ती. थांबलं की मी मोजते. दहा, पंधरा, वीस. छाती हलते, पण नाकातोंडातून वारा नाही. मग मी बरगडीत कोपर मारते, हे कुशीवर वळतात, हुंदक्यासारखा एक श्वास येतो आणि गाडी पुन्हा सुरू. रात्रीतून किती वेळा, ते विचारूच नका. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सकाळी हेच विचारतात, "डोळे का तारवटलेत तुझे?" तेव्हा हातातलं लाटणं आवरावं लागतं. श्वास थांबतो म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "थांबला असता तर सकाळी उठलो असतो का?"

म्हणून मी माहेरी राहत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, चार दिवस राहतात. मी सकाळच्या एसटीने अमळनेरजवळच्या गावी जाते आणि संध्याकाळी परत. वहिनी म्हणते, "ताईंना भाऊजींशिवाय करमत नाही." मी हसून घेते. मी नसले तर हा माणूस झोपेत जाईल, असं सणाच्या दिवशी बोलायचं का?

आई ऐंशीला टेकली. होळीला तिचा निरोप आला, "यंदा एक रात तरी ऱ्हाय. पुढली आखाजी कोणी देखी?" तेव्हापासून मला दिवसाही चैन पडेना.

त्यातच ह्यांना ताप-खोकला झाला. छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाकावर बसल्या बसल्या हे भर दुपारी घोरू लागले. पेशंट हसायला लागले. घोरणं थांबलं. मी फाईल चाळत होते, वर न बघताच कोपर मारलं.

डॉक्टर दारात उभे होते. "बाई, असं कधीपासून करताय?"

"लग्न झाल्यापासून."

ते हसले नाहीत. आत बोलावून म्हणाले, "झोपेत ह्यांचा घसा सैल पडून मिटतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू ह्यांना क्षणभर उठवतो, म्हणून श्वास येतो. आजारपणात ते आणखी वाढलंय. ह्यांना काही आठवत नाही, पण झोप दोघांचीही गेलीय." मला तिथंच रडू आलं. माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणीतरी खरं मानलं होतं.

तपासणीत तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडतो असं निघालं. झोपेत घसा मिटू नये म्हणून हवा ढकलणारं मशीन आलं. उशाशी डबा, त्याला नळी, नाकावर मास्क. "ही काय हत्तीची सोंड," हे कुरकुरले, पण लावली. घरात शांतता झाली. मी मात्र जागीच. कोपर आपोआप उठायचं.

आखाजीला राहिले. आईशेजारी पडले खरी, पण सोंड काढून फेकली असेल, लाईट गेली असेल, असं काहीबाही मनात. डोळा लागतो न लागतो तोच शेजारचा घोरण्याचा आवाज थांबला, आणि मी कोपर मारलं.

"झोप ना वं," आई म्हणाली, "जित्ती शे मी."

मग झोपले. अशी झोपले, की झोक्यावरची गाणी सुरू झाली तरी जाग नाही. नऊला फोन बघितला, तर ह्यांचे अकरा मिस्ड कॉल. लगेच उलटा फोन लावला.

"फोन का उचलत नव्हतीस? सहापासून लावतोय. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. स्टँडवर उभा आहे, अमळनेरच्या गाडीसाठी."

"तुमचे तीन तास झाले," मी म्हटलं. "माझी सव्वीस वर्षं झाली."

पलीकडून काहीच नाही. सवयीने मी मोजायला लागले. चौदावर आवाज आला.

"तू राहा चार दिवस. मी घरी जातो. मशीन लावून झोपेन."